बर्फातले बिऱ्हाड

नायगावच्या चाळीत एका खोलीत आम्ही नऊ माणसे वाढलो. भांडण झाले की गॅलरी होती. तिथेही जमेना तर रस्ता होता. म्हणूनच ‘दक्षिण गंगोत्री’ची हकिकत वाचताना मला थंडीपेक्षा बंद दाराचे भय अधिक वाटले. डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालील तिसरी भारतीय मोहीम १९८३ च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली. अंटार्क्टिकाच्या बर्फावर तिने हे ठाणे उभारले. १९८४ साली जहाज परतले, आणि मागे उरले बारा जण. बाहेर हिमवादळे, सुमारे दोन महिने सूर्याचे दर्शन नाही, आणि रुसून जायला रस्ताही नाही! तरी बाराही जणांनी तो हिवाळा निभावला. पुढे ठाणे बर्फाखाली गाडले गेले. घर बुडाले, बिऱ्हाड तगले. पणती लावताना मला ते बारा जण आठवतात.