आजीचं शेत शीवला होतं

मुंबईत शेती होती असं सांगितलं की लोक हसतात. पूर्वी मीही हसायचो. पण माझी आजी शेतावर वाढली, आणि ते शेत कोकणात किंवा घाटावर नव्हतं. ते शीवला होतं.

आमचं घर शीव कोळीवाड्याच्या कडेला, आगऱ्यांचं. आगरी हे नावच मिठागरावरून आलेलं. पावसाळ्यात भात आणि दिवाळीनंतर पुढचा पाऊस पडेपर्यंत मीठ, असा या माणसांच्या वर्षाचा हिशेब. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट इथं संपायचं, खाडीपलीकडे साष्टी. १८०५ साली पुरा झालेला बांधरस्ता होईपर्यंत पलीकडे जायला होडीच लागे.

आजीला जन्मतारीख नव्हती. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत ती अंगावर पीत होती, एवढंच तिच्या आईनं सांगितलेलं. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगावर पेरायचं, रोपं वीतभर झाली की इरलं पांघरून लावणी. हे सगळं कुठेही होतं. शीवच्या शेताची खरी काळजी वेगळीच, ती खाडीच्या बांधाची. उधाणाच्या भरतीनं बांध फुटला की खारं पाणी खाचरात शिरायचं. उभं पीक तर जायचंच, पण जमीनही पुढं धड पिकायची नाही. म्हणून अमावास्या-पौर्णिमेला आजीचे वडील रात्री कंदील घेऊन बांधावर फिरत. खेकडे बांधाला भोकं पाडत, ती चिखलानं बुजवायची. हे काम मुलांचं, कारण त्यांचे हात आतवर जात. आजीच्या उजव्या हाताच्या बोटावर खेकड्याच्या नांगीचा वण शेवटपर्यंत होता.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि त्यामागोमाग १८९८ च्या कायद्यानं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीची वस्ती उत्तरेला न्यायची म्हणून दादर, माटुंगा, शीवकडच्या जमिनी घेतल्या गेल्या. कागदावर ठरलं ते जमिनीवर उतरायला वर्षं लागली, आणि तोवर आजीचे वडील खाचर कसत राहिले. ते कूळ होते. मोबदला मिळाला तो जमीनमालकाला. यांच्या वाट्याला उभ्या पिकाचे थोडे पैसे आले. साखळी घेऊन मोजणारे लोक भातातून चालत गेले, तेव्हा आजी दहा-बारा वर्षांची असेल. भात लोंबीवर आलं होतं, हे ती दर वेळी सांगायची. जमीन गेल्याचं दुःख तिनं कधी बोलून दाखवलं नाही, लोंब्या तुडवल्याचा राग मात्र कायम होता. पुढं १९४८ साली कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारे कायद्यानं मालक झाले. तोवर तिच्या खाचरावर इमारती उभ्या होत्या.

शेत गेल्यावर बाराही महिने मजुरी. मी शाळेत इतिहास शिकवायचो. दांडीयात्रा शिकवली की वडाळ्याच्या मिठागरावरचा सत्याग्रह एका वाक्यात उरकायचो. १ जून १९३० ला तिथं सुमारे पंधरा हजार लोक चालून गेले होते. एकदा वह्या तपासताना हे सहज आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या सालचा मीठ आमीच वढलेला." बारा-तेरा वर्षांची पोर, डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहून टाळूवरचे केस झिजलेले. लोकांनी मीठ उचललं याचा तिला अभिमान होता. पुढच्या आठवड्याची मजुरी बुडाली हेही तिला तितकंच लख्ख आठवत होतं. मी तिला एकदाही वर्गात नेलं नाही. सुचलंच नाही.

फाळणीनंतर पंजाबी निर्वासित इथल्या लष्करी बराकींत आले. 'कोळीवाडा' नावानं हॉटेलांत मिळणारी तळलेली कोळंबी त्यांचीच, कोळ्यांची नव्हे. पूर्वीच्या कोळीवाडा स्टेशनचं नावही आता गुरू तेग बहादूर नगर आहे. आजी त्या शेजारणींकडून तंदूरवर रोट्या भाजून आणायची आणि त्यांच्या भाषेला हसायची.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. दुपारीच आजीनं सुनांना तांदळाचे डबे माळ्यावर चढवायला लावले. कुणाच्या दारात पाणी शिरेल, कुणाचं जोतं कोरडं राहील, हे तिनं खाटेवर बसून सांगितलं. सुनांनी डबे चढवले, पण हसत. मी किंग्ज सर्कलला कमरेइतक्या पाण्यातून रात्री दीडला घरी पोचलो. तिनं सांगितलेल्या घरांपैकी एकच चुकलं होतं, त्यांनी मागच्या वर्षी जोतं वाढवलेलं. मी महापालिकेला, नाल्यांना शिव्या देत होतो. आजी म्हणाली, "पानी त्याचे घरी आलाय. तुमीच मधी बसलाव."

नालेसफाई झाली नव्हती हेही खरंच. पण त्यानंतर मी तिला घेऊन बसलो आणि कुठं कुणाचं खाचर, कुठून बांध, कुठं उघाडी, हे वहीत काढून घेतलं. तिची दिशा चुकायची नाही, अंतर चुकायचं. तिच्या लेखी सगळं पावलांत, तीही लहान मुलीच्या.

२००७ च्या आषाढात ती गेली. त्या दिवशीही गल्लीत गुडघाभर पाणी होतं. तिरडी उचलून मंडळी नेहमीच्या रस्त्यानं निघाली, तेव्हा माझे चुलते म्हणाले, "इथून नको, बांधाच्या अंगानं चला." बांध तर केव्हाच गेला होता, पण सगळे वळले. तो रस्ता कोरडा होता.