मिलिंद : एका यवन राजाचे मराठी नाव (थ्रेड)

वडाळ्याचे सिद्धार्थ विहार हे वसतिगृह दलित चळवळीच्या इतिहासात वारंवार भेटते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिच्यातील तरुण लेखक-कार्यकर्त्यांच्या बैठकींचे आणि वादांचे हे एक मुख्य ठिकाण होते. वसतिगृह पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केलेल्या या संस्थेच्या मुंबईतील पहिल्या महाविद्यालयाचे नाव सिद्धार्थ. औरंगाबादच्या महाविद्यालयाचे मिलिंद.

सिद्धार्थ कोण, हे सांगावे लागत नाही. मिलिंद कोण, हे मात्र ते नाव धारण करणाऱ्या अनेकांनाही ठाऊक नसते.

मिलिंद म्हणजे मेनांद्रोस. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणारा ग्रीक, म्हणजे तेव्हाच्या भाषेत यवन, राजा. त्याची राजधानी सागल, आजच्या पाकिस्तानातील सियालकोट. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी अक्षरे आहेत. ही नाणी किती दूर पोहोचली असावीत? त्याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे की भरूच बंदरात मेनांद्रोसची जुनी नाणी अजून चालतात. प्लूटार्क सांगतो की हा राजा न्यायी होता, आणि तो छावणीत मरण पावल्यावर त्याच्या अस्थींसाठी नगरांत भांडण लागले. शेवटी अस्थी वाटून घेण्यात आल्या व त्यांवर स्मारके उभारली गेली. बुद्धाच्या अस्थींची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे साम्य लगेच जाणवेल.

पाली भाषेने ‘महेंद्र’चे ‘महिंद’ केले, त्याच वळणावर ‘मेनांद्रोस’चे ‘मिलिंद’ झाले. परके नाव जिभेला सोयीचे करून घेताना पालीने त्याला देशी रूपही देऊन टाकले. हे नाव टिकले ते राज्यामुळे नव्हे. टिकले ते ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथामुळे, ज्यात मिलिंद राजा नागसेन नावाच्या भिक्खूला प्रश्न विचारतो. आणि गंमत पाहा, त्यांचा पहिलाच वाद नावावरून आहे. राजा विचारतो, आपले नाव काय? भिक्खू म्हणतो, लोक मला नागसेन म्हणतात. आईबाप नागसेन, शूरसेन, वीरसेन, सिंहसेन अशी नावे ठेवतात, पण ती केवळ व्यवहाराची खूण. तिच्यामागे कोणी कायमचा ‘पुरुष’ सापडत नाही. राजा चकित होतो. मग नागसेन त्याच्याच रथाचा दाखला घेतो: चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? एकेका प्रश्नाला राजा ‘नाही’ म्हणत जातो आणि अखेरीस रथ हेही सुटे भाग जोडल्यावर दिलेले नावच आहे, हे त्यालाच मान्य करावे लागते.

मात्र मराठीत ‘मिलिंद’ एकाच वाटेने आलेला नाही. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. हा शब्द तसा उशिराचा असावा, कारण अमरकोशाने भुंग्याची अकरा नावे एकापाठोपाठ दिली आहेत, त्यांत तो नाही; सतराव्या शतकातल्या जगन्नाथ पंडिताच्या ‘भामिनीविलासा’त मात्र तो आढळतो. काव्यात रमणाऱ्यांना हा अर्थ परिचित होता. ग्वाल्हेरकडचे हिंदी कवी जगन्नाथप्रसाद यांनी ‘मिलिंद’ हे उपनाम घेतले. कवीला राजापेक्षा भुंगा अधिक शोभतो, असे मानण्यास हरकत नाही.

पालीची वाटही विसाव्या शतकात मुंबईला येऊन मिळत होती. धर्मानंद कोसंबींनी १९३७ साली परळला बहुजन विहार उभारला. १९४० साली मुंबई विद्यापीठाने वाडेकरांनी संपादित केलेला ‘मिलिंदपञ्ह’ देवनागरीत छापला. दादरच्या हिंदू कॉलनीत, वडाळ्याहून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, बाबासाहेबांनी आपल्या घराला मगधाच्या जुन्या राजधानीचे, राजगृहाचे, नाव आधीच दिले होते. नावे निवडण्याची त्यांची ही रीत पुढे औरंगाबादेत दिसते. तेथील महाविद्यालय १९५० साली सुरू झाले, १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली, आणि पुढे त्याला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. परिसर झाला नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला, उत्तर देणाऱ्याचे भोवतीच्या वनाला. शिकायला येणाऱ्या मुलाने आधी प्रश्न विचारावा, असा त्याचा अर्थ लावला तर तो ओढूनताणून आणलेला ठरू नये.

या निवडीचे मोल कळण्यासाठी आधीची नावे पाहावी लागतात. दगडू, धोंडू, केरू, कचरू. मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून अशी नावे सर्वच जातींत ठेवीत. महर्षी कर्व्यांचे नावही धोंडोच होते. फरक पुढे पडे. कर्व्यांचा धोंडो वयाबरोबर ‘अण्णासाहेब’ झाला. गावकुसाबाहेरच्या धोंडूला म्हातारपणीही गावाने ‘धोंड्या’च म्हटले. खुद्द बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत १९०० साली ‘भिवा’ असे नोंदले गेले. कवी दया पवार यांचे मूळ नाव दगडू. ‘बलुतं’ (१९७८) या त्यांच्या आत्मकथनात हा दगडूच दया पवारांना आपली कहाणी सांगतो. दोन नावे म्हणजे जणू दोन माणसे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतर झाले. दोन महिन्यांच्या आत, ७ डिसेंबरला, दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेसमोर असंख्य मुंबईकरांनी दीक्षा घेतली. त्यानंतरच्या पिढीत चाळीचाळींतून गौतम, राहुल, आनंद, सिद्धार्थ आणि मिलिंद जन्मले. आता नाव गाव ठेवीत नव्हते, आईबाप निवडीत होते.

त्याच काळात दुसरी वाटही भरात होती. क्रिकेटपटू मिलिंद रेगे १९४९ चे, म्हणजे औरंगाबादच्या महाविद्यालयाच्याही आधीचे. लेखक मिलिंद बोकील १९६० चे, अभिनेते मिलिंद गुणाजी १९६१ चे, मिलिंद सोमण १९६५ चे. दुसरीकडे प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या भीमगीते गाणाऱ्या लोकगायकाच्या घरीही मिलिंदच. कोणत्या घरात भुंगा होता आणि कोणत्या घरात राजा, हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. ज्या समाजात नाव ऐकताच जात ताडली जाते, तेथे हे साधे वैशिष्ट्य नव्हे. वर्गात हजेरी घेताना ‘मिलिंद’ एवढ्यावर मास्तर थांबले, तर बाकाबाकावरचे सारे मिलिंद सारखेच. भेद सुरू होई तो आडनाव उच्चारल्यावर.

मराठी मुलखाच्या पलीकडे मात्र हे नाव विरळच राहिले. पाली परंपरेच्या श्रीलंकेत ‘मिलिंद’ भेटतो. तेथील राजकारणी मिलिंद मोरागोडा हे एक ठळक उदाहरण. उत्तर भारतात राहुल आणि सिद्धार्थ घरोघरी पोहोचले, मिलिंद पोहोचला नाही. राहुल, सिद्धार्थ या नावांना देशभराचा आधार होता. मिलिंदाला मुख्यतः मराठीचाच. मराठी घरांतली नावांची हौस बदलली, तसा तो मागे सरला. आज भेटणारे बहुतेक मिलिंद चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले असतात आणि बारशाच्या निमंत्रणात आरव नि विहान दिसतात. नागसेनवनात मात्र दरवर्षी प्रवेश-अर्जांवर हे नाव नव्याने लिहिले जाते, विद्यार्थ्याच्या नव्हे, महाविद्यालयाच्या रकान्यात.