झाडाचे अन्न आणि अळीची सवय

शालेय जीवशास्त्राचे पुस्तक उघडले की त्यात उत्तरे तयार सापडतात. हिरव्या वनस्पती आपले अन्न स्वतः तयार करतात. सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात. सजीवांच्या जाती काळाच्या ओघात बदलत आल्या आहेत. ही वाक्ये इतकी लहान आणि निर्विवाद दिसतात, की ती प्रथम कोणी, कशावरून आणि किती चुकांनंतर लिहिली, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि गुण मिळवितो. परंतु त्याच विद्यार्थ्याला "हे असे का, तुझ्या शब्दांत सांग" म्हणून विचारले, तर पुस्तकातील वाक्याच्या खालून एक निराळेच उत्तर वर येते. हे दुसरे उत्तर कोठून येते आणि ते हसण्यावारी न्यावे काय, हा आमचा आजचा विषय आहे. हे उत्तर बहुधा नीट पाहण्यातूनच येते, मोठमोठे शास्त्रज्ञही पूर्वी त्याच वाटेने गेले होते, आणि ते ऐकून घेतल्यावाचून पुस्तकातील उत्तर मनात रुजत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम झाडाच्या अन्नाचा प्रश्न घेऊ. बीबी हे लोणार तालुक्यातील गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या शेतीवर जगणारा हा मुलूख. येथील मुलाला "निंबाच्या झाडाचे एवढे लाकूड कशापासून झाले?" असे विचारावे. तो म्हणेल, "मातीपासून." त्याने शेणखत टाकलेल्या वावरातील पीक तरारलेले पाहिले आहे आणि खत न मिळालेले पिवळे पडलेलेही पाहिले आहे. खत म्हणजे पिकाचे खाणे, हे त्याने घरी शंभर वेळा ऐकले आहे. यात मूर्खपणा कोठे आहे? दोन हजार वर्षे युरोपातील विद्वानही अॅरिस्टॉटलच्या आधाराने हेच मानीत होते.

या समजुतीला पहिला धक्का बेल्जममधील व्हॅन हेल्माँट याने दिला. त्याने एका कुंडीत भट्टीत वाळविलेली २०० पौंड माती घातली, तीत ५ पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांहून थोडे अधिक भरले. मातीत घट आली ती अवघी दोन औंसांची. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. झाड मातीचे बनत नाही हे यावरून सिद्ध झाले. पण हेल्माँटने निष्कर्ष काढला तो असा, की झाड पाण्याचे बनते! गंमत अशी, की "गॅस" हा शब्द जगाला ज्याने दिला आणि कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचे वर्णन ज्याने केले, तो हाच हेल्माँट. ज्या वायूतून त्याचे झाड वाढले, तो त्याच्या परिचयाचा होता. परंतु हवेला वजन असते आणि तिचे लाकूड होऊ शकते, ही कल्पना त्याच्याही मनाला शिवली नाही.

पुढील पाऊल पडण्यास सव्वाशे वर्षे लागली. १७७१ साली इंग्लंडमध्ये प्रीस्टले याने मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याचे रोप ठेवले. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. १७७९ साली इंगेनहाउझ याने दाखविले, की हे काम फक्त हिरवे भाग करतात आणि तेही फक्त उजेडात. १८०४ साली द सोस्यूर याने काळजीपूर्वक मापे घेऊन हवेतील कार्बन आणि पाणी, दोन्ही झाडाच्या वजनात भर घालतात हे सिद्ध केले. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो, याचा जड ऑक्सिजन वापरून केलेला पुरावा तर १९४१ साली मिळाला. हेल्माँटच्या कुंडीपासून येथपर्यंतचा हा जवळजवळ तीनशे वर्षांचा प्रवास आपण मुलाला शाळेच्या एका तासात करावयास सांगतो.

हा प्रवास केवळ खेड्यातील मुलालाच जड जातो असे नाही. अमेरिकेत १९९७ साली निघालेल्या "माइंड्स ऑफ अवर ओन" या माहितीपटात हार्वर्ड व मॅसॅच्युसेट्स येथील नामांकित विद्यापीठांच्या नव्या पदवीधरांना पदवीदानाच्या दिवशीच एक बी आणि एक ओंडका हाती देऊन, हे वजन कोठून आले असे विचारले होते. माती, पाणी, सूर्यप्रकाश अशी उत्तरे आली. हवेतून आले असे सांगितले तेव्हा ते कित्येकांना पटेना. ज्यांनी प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण पाठ केले होते, त्यांच्याही मनात जुने उत्तर तसेच जिवंत राहिले होते.

यावर तोडगा आपल्या चुलीपाशीच आहे. मणभर लाकूड जाळले तर राख किती उरते? पसाभर. मातीतून आलेली खनिजे मुख्यत्वे या राखेत आहेत. नत्राचा थोडा अंश धुराबरोबर गेला. बाकीचे सारे हवेतून आणि पाण्यातून आले होते आणि जळून पुन्हा हवेत गेले. वाळलेल्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो, हे वाक्य त्यानंतर सांगितले तर ते मुलाला आपलेसे वाटते. मग खत कशासाठी, हा त्याचा पुढचा प्रश्न असेल. तो प्रश्न त्याला पडला, की धडा शिकविला गेला असे समजावे.

दुसरी अडचण शब्दांची. विज्ञानाने व्यवहारातील शब्द उचलले आणि त्यांना नवे अर्थ दिले. मुलाच्या मनात मात्र जुना अर्थ हजर असतो. रॉबर्ट हुक याने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात लहान लहान खोल्या पाहिल्या आणि त्यांना खोली याच अर्थाचा इंग्रजी शब्द लावला. मराठीत त्यासाठी "पेशी" शब्द रूढ झाला. परंतु पेशी हा आयुर्वेदातील जुना शब्द स्नायूचा वाचक आहे आणि "मांसपेशी" आपण आजही म्हणतो. तेव्हा झाडालाही पेशी असतात हे ऐकून एखादे मूल गोंधळले, तर त्यात नवल नाही. श्वसनाचे तसेच. श्वास म्हणजे छातीचा भाता, हा घरचा अर्थ. अन्नातून शक्ती मोकळी करणारी पेशीतील क्रिया, हा शास्त्रातील अर्थ. म्हणून झाडे दिवसा अन्न करतात आणि रात्री श्वसन करतात, अशी वाटणी मुले करून टाकतात. वस्तुतः झाड अहोरात्र श्वसन करते. इतकेच नव्हे, तर ओलसर सोयाबीनची गंजी घातली की ती आतून तापते, त्यातही दाण्यांचे आणि त्यांवर वाढणाऱ्या बुरशीचे श्वसनच असते. शेतकऱ्याला हा ताप ठाऊक आहे; त्याचे शास्त्रीय नाव तेवढे ठाऊक नसते.

महाराष्ट्रात या भाषेच्या अडचणीकडे गंभीरपणे पाहिले गेले ते होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाखाली हे केंद्र १९७४ साली मुंबईत निघाले. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांत काम केले आणि पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा हीच विज्ञानाच्या वाटेवरील धोंड होते, हे दाखवून दिले. पुढे जयश्री रामदास, सुग्रा चुनावाला आदी संशोधकांनी सजीव म्हणजे काय, वनस्पती म्हणजे काय, याविषयी मुलांच्या स्वतःच्या कल्पना कोणत्या, याचाच अभ्यास केला. मुलाचे चुकीचे उत्तर खोडण्याआधी ते टिपून ठेवावे, ही दृष्टी या कामातून आपल्याकडे आली.

आता ज्या कल्पनेची किंमत आपल्या भागाने रोख मोजली आहे, तिच्याकडे वळू. कपाशीवरील बोंडअळी औषधाला का जुमानत नाही, असे विचारले तर शाळकरी मुलगा आणि त्याचे वडील दोघेही म्हणतील, "अळीला औषधाची सवय झाली." हे उत्तरही अनुभवातून आले आहे, माणसाला तंबाखूची सवय होते, तशी अळीला विषाची. अळी आपल्या आयुष्यात बदलते आणि तो बदल पिलांना देते, अशी ही कल्पना. फ्रान्समध्ये लामार्क याने १८०९ साली जवळपास असेच मांडले होते. डार्विनने १८५९ साली निराळा विचार पुढे केला. एका जातीचे सर्व प्राणी सारखे नसतात. त्यांत मुळातच फरक असतात. परिस्थिती त्यांपैकी काहींना मारते, काहींना वाचविते, आणि वाचलेल्यांचीच प्रजा पुढे वाढते.

यांतील खरे कोणते, याचा निर्णय जंतूंवरील प्रयोगांनी केला. १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक यांनी गणिताच्या आधारे दाखविले, की विषाणूला दाद न देणारे जंतू विषाणूशी गाठ पडण्यापूर्वीच निर्माण झालेले असतात. १९५२ साली लेडरबर्ग पतिपत्नींनी हीच गोष्ट मखमलीच्या कापडाने डोळ्यांना दिसेल अशी केली. एका तबकडीवर वाढलेल्या जंतूंच्या वसाहतींवर त्यांनी मखमल दाबली आणि तिचा ठसा, शिक्का उठवावा तसा, औषध घातलेल्या अनेक तबकड्यांवर उठविला. प्रत्येक तबकडीवर जंतू वाचले ते त्याच त्याच जागी. मूळ तबकडीने औषध पाहिलेही नव्हते. तरी त्या जागेवरील जंतू आधीपासूनच औषधाला न जुमानणारे होते. सवय कोणाला लागली नव्हती. निवड झाली होती.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. भारतात बीटी कापसाला २००२ साली मान्यता मिळाली. दोन जनुके असलेले वाण २००६ साली आले. या वाणांबरोबर साध्या कपाशीच्या बियांची निराळी पुडी येत असे आणि ते बी शेताच्या कडेने पेरावे, असा नियम होता. हेतू असा, की साध्या कपाशीवर विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग विषाला न जुमानणाऱ्या विरळा पतंगांशी जुळावेत आणि त्यांची संतती बीटी कपाशीवर मरावी. ज्याच्या मनात सवयीची कल्पना आहे, त्याला हे वेडेपणाचे वाटणारच: आपल्याच वावरात अळीला चारा कशासाठी पेरावयाचा? पुडी बांधावर पडून राही. सर्व दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. त्या पुडीतील बियांच्या दर्जाविषयी तक्रारी होत्या, आणि फरदड घेण्यामागे पैशाची निकड होती. परंतु पुडी का पेरावयाची, हे त्याला निवडीच्या भाषेत कोणी समजावून दिले होते काय? गुजरातेत या वाणांना गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील बोंडे तिने आतून पोखरली. प्रतिजैविकांचेही असेच आहे. शरीराला गोळीची सवय होते, असे आपण म्हणतो. वस्तुतः गोळीला न जुमानणारे जंतू निवडले जातात आणि ते एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जातात.

उत्तर पारखून घ्यावे कसे, याचा एक धडा बीबीच्या उशालाच घडला आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. कोणी चमत्कार म्हणाले, कोणी शेवाळ म्हणाले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले आणि पाण्याचे नमुने तपासणीस पाठविण्यात आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ते नमुने स्थिर ठेवले असता गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यातील जिवांचा होता. उन्हाळ्यात पाणी आटून खारेपणा वाढला आणि मिठात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य करणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव बळावले. येथे कोणाच्या तर्काची थट्टा करावी लागली नाही. पाणी बाटलीत स्थिर ठेवून पाहणे पुरले.

बीबीसारख्या गावातील शाळेत मोठी प्रयोगशाळा नसेल. पण चुलीची राख, सोयाबीनची तापलेली गंजी, पोखरलेले बोंड आणि लोणारचे पाणी हे सारे साहित्य तेथे आहे. तेव्हा शिक्षकांस आमची विनंती एवढीच, की धड्याची व्याख्या फळ्यावर लिहिण्यापूर्वी मुलांना आपापले उत्तर वहीत लिहू द्यावे, आणि धडा झाल्यावर तेच पान पुन्हा उघडावयास लावावे. पालकांनीही मुलाला किती गुण मिळाले हे विचारून झाल्यावर, कपाशीची अळी औषधाने का मरत नाही, हे त्याला विचारावे. "सवय झाली" असे तो म्हणाला तर रागावू नये. मखमलीच्या ठशाची हकीगत त्याला सांगावी, आणि पुढच्या पेरणीच्या वेळी बियाण्याविषयी जे बोलणे घरात होईल, त्यात त्यालाही बसवून घ्यावे.