गाडीच्या रंगाची राखण : प्रस्तावना

गाडी घेणे हा आपल्याकडे आजही घरातला मोठा प्रसंग असतो. मायलेज, हप्ता, विमा यांवर आठवडे खल चालतो, एखाद्या जाणकार मित्राला शोरूममध्ये सोबत नेले जाते. रंगाबद्दल मात्र पांढरा घ्यायचा की करडा, याच्या पलीकडे बोलणे जात नाही. मग ताबा घेण्याच्या दिवशी कागदांवर सह्या चालू असताना कुणीतरी ‘पेंट प्रोटेक्शन करून देऊ का?’ असे विचारतो आणि काही हजारांचा निर्णय दोन मिनिटांत होऊन जातो. तो सावकाश आणि समजून घेतला जावा, ही या लेखनामागची इच्छा. वाचकांनी रसायनशास्त्राची धास्ती बाळगू नये. थोडे कुतूहल असले तरी पुरे.

आधी रंग म्हणजे काय ते पाहू. पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाड्या आपण रोज पाहतो. त्यांच्या पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक ई-कोट, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या सर्वसाधारण केसाहूनही पातळ. चमक त्याचीच असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांना अडवण्याचे कामही तोच करतो. दर वेळी रबिंग-पॉलिश केले की तो थोडा झिजतो आणि झिजलेला भाग परत येत नाही. या विषयातला प्रत्येक सल्ला वाचकांनी याच एका गोष्टीवर घासून पाहावा.

या थराचे सर्वांत जास्त नुकसान रोजच्या पुसण्याने होते. सोसायटीत पहाटे येणारा माणूस एका बादलीत, एकाच फडक्याने ओळीने गाड्या पुसत जातो. दोष त्याचा नाही. तेवढ्या पैशांत, तेवढ्या वेळात याहून वेगळे करणे त्याला शक्यच नसते. पण फडक्यातली धूळ क्लिअर कोटवर बारीक ओरखडे उमटवत राहते. संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरून पाहा. प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतील. हे ओरखडे खरे तर वाटेल त्या दिशेचे असतात. प्रकाश परतवतात तेवढेच आपल्याला दिसतात, म्हणून वर्तुळांचा भास होतो. यांनाच डिटेलर, म्हणजे गाडीची सफाई आणि चमक सांभाळणारी व्यावसायिक मंडळी, स्वर्ल मार्क म्हणतात. त्यात बोअरच्या जड पाण्याचे क्षारांचे डाग आणि उन्हात वाळलेली पक्ष्यांची विष्ठा यांची भर पडते. दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक भक्तिभावाने जरूर काढावे, पण त्याच संध्याकाळी भरपूर पाण्याने धुऊन टाकावे.

आता बाजारातल्या बाटल्यांकडे वळू. ब्राझीलमधल्या ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण सुंदर झळाळी देते, पण आपल्या उन्हापावसात आठवड्यांतच उतरते. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट काही महिने टिकते आणि ते घरी लावता येते. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सिरॅमिक कोटिंग सिलिकावर आधारलेले असते. नीट लावले तर ते काही वर्षे साथ देते, पण चुकीचे लागले तर पॉलिशनेच काढावे लागते. दगडाच्या टवक्यांपासून खरे संरक्षण देते ती पॉलियुरेथेनची पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, आणि तिची किंमतही तशीच असते. ‘नाइन एच’ या शब्दाने भारावून जाऊ नका. ती शिसपेन्सिलीने केलेल्या कठीणपणाच्या चाचणीतली श्रेणी आहे. महामार्गावर उडालेल्या खडीशी तिचा संबंध नाही. ‘टेफ्लॉन कोटिंग’चेही तसेच. तव्यावर टेफ्लॉन पक्के बसवायला ३०० अंश सेल्सिअसहून जास्त तापमान लागते, आणि गाडीचा रंग तेवढी उष्णता सोसू शकत नाही. तेव्हा नाव ऐकून न थांबता बाटलीत नेमके काय आहे आणि ते किती टिकते, हे विचारावे.

बाटलीपेक्षा हात महत्त्वाचा. कोणतेही कोटिंग खालच्या पृष्ठभागाला जसा आहे तसा झाकते, त्यामुळे निम्म्याहून जास्त काम कोटिंगच्या आधीचे असते. धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून हात फिरवा. उघड्या बोटांना न जाणवणारी खरखर लगेच कळते. ते चिकटलेले कण असतात. ब्रेकमधून किंवा रेल्वेमार्गाजवळ उडणारा लोखंडाचा कीस विशेष द्रावणाने जांभळा होऊन ओघळतो, उरलेले कण क्ले बार नावाच्या मऊ मातीसारख्या वडीने निघतात, आणि त्यानंतरच मशीन पॉलिशची वेळ येते.

म्हणून डिटेलरकडे गेलात की आधी त्याची शेड पाहा. उघड्या रस्त्यालगत, धुळीत कोटिंग होत असेल तर पुढे जा. रंगाची जाडी मोजतो का, ते विचारा. मूळ रंगाच्या पत्र्यावर १२० मायक्रॉन आणि एकाच दारावर ३०० आले, तर ते दार पूर्वी रंगवलेले असण्याची दाट शक्यता आहे. जुनी गाडी घेताना ही माहिती फार मोलाची. जाडी मोजण्याचे साधे यंत्र प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही, हे जो स्वतःहून सांगतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो. दोन-तीन तासांत पॉलिशसकट सिरॅमिक करून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. वॉरंटीच्या कागदात देखभालीच्या अटी काय आहेत, हे पैसे देण्यापूर्वी वाचा, आणि खोल ओरखडा दाखवून ‘हा पूर्ण काढाल का?’ असे विचारा. ‘काढता येईल, पण क्लिअर कोट फार पातळ होईल, थोडा राहू द्या’ असे उत्तर मिळाले, तर गाडी त्याच्याच हाती सोपवा.

आणि काम ठरवण्यापूर्वी एक विनंती जरूर करा : बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावून अर्ध्याच भागावर पॉलिश करून दाखवायला सांगा, टेप काढल्यावर दोन्ही बाजू टॉर्चखाली पाहा, आणि मगच होकार द्या.