सहा मागवली, आलं एक: आयएनएस मकरची गोष्ट

आमच्या लोणंदकडे पाण्याची खोली म्हटलं की विहीर आठवते. किती परस? दोर सोडला की कळलं. समुद्रातही पूर्वी हेच चालायचं, दोरीला शिशाचं वजन बांधून. आता ते काम सोनार करतो. जहाजाखालून आवाज सोडायचा आणि तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. त्या आकड्यांवरून चार्ट बनतो, म्हणजे समुद्राचा नकाशा. तो चुकला तर जहाज सरळ खडकावर.

किनाऱ्याजवळच्या अशा मोजणीसाठी नौदलाने २००६ मध्ये सहा छोट्या जहाजांची ऑर्डर दिली. कुणाला? भावनगरच्या अल्कॉक अ‍ॅशडाऊन या गुजरात सरकारच्या गोदीला. डिझाइन मस्त होतं: पाण्यात शेजारी शेजारी दोन सांगाडे, वर एकच डेक. याला कॅटामरान म्हणतात. हळू चालतानाही ते कमी डोलतं, आणि सर्व्हेला तेच हवं असतं, कारण जहाज हललं की आकडे हलतात.

पहिलं जहाज मकर. २१ सप्टेंबर २०१२ ला ते कारवारला नौदलात दाखल झालं. बाकीची पाच? काम रखडलं, गोदी डबघाईला आली, शेवटी ऑर्डरच रद्द. नाव 'मकर वर्ग', आणि वर्गात विद्यार्थी एकच! मला विचाराल तर नव्या धाटणीची सहाच्या सहा जहाजं एकाच छोट्या गोदीच्या भरवशावर टाकणं, तिथेच गणित फसलं.

पण त्या एकट्या जहाजाची एक रात्र सांगायलाच हवी. २४ मार्च २०१५. नौदलाचं डॉर्नियर विमान गोव्याजवळ समुद्रात कोसळलं. आत तिघे होते. कमांडर निखिल जोशींना मच्छीमारांनी वाचवलं. लेफ्टनंट किरण शेखावत आणि लेफ्टनंट अभिनव नागोरी बेपत्ता. अंधारात वरून काय दिसणार? शोधायचं होतं तळाशी.

दोन दिवसांनी, २६ मार्चला, सुमारे ६० मीटर खोलीवर मकरच्या सोनारला विमानाचा सांगाडा सापडला. पाणबुडे उतरले, किरण यांचा मृतदेह आतच होता. नौदलात कर्तव्यावर प्राण गमावणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी. अभिनव यांचाही मृतदेह नंतर मिळाला.

नकाशे काढायला बांधलेलं जहाज होतं ते. त्या दोन घरांना निदान आपलं माणूस परत मिळालं.