रमण्यापासून समुपदेशन कक्षापर्यंत: तोंडी परीक्षेचा पूर्वेतिहास

समुपदेशन मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकाच्या अखेरीस जी तोंडी परीक्षा द्यावी लागते, ती विद्यापीठीय नियमावलीची निर्मिती वाटत असली, तरी पुणे प्रांतात विद्वत्ता पारखण्याची जुनी रीत तोंडीच होती. लेखी उत्तरपत्रिकेचे प्रस्थ १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर वाढले. त्याआधीच्या तोंडी रीतीचे उदाहरण म्हणजे ब्राह्मणांना दिली जाणारी दक्षिणा: सेनापती खंडेराव दाभाडे यांनी मावळातील तळेगावी सुरू केलेली श्रावणातील ही दक्षिणा दाभाड्यांच्या पाडावानंतर पेशव्यांनी पुण्यात आणली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात, म्हणजे दक्षिणा वाटण्याच्या आवारात, सर्वसाधारण ब्राह्मणांना किरकोळ रक्कम मिळे, पण शास्त्र्यांची योग्यता पाठांतर आणि शास्त्रार्थ, म्हणजे प्रतिपक्षाच्या आक्षेपांना तत्काळ द्यायचे सप्रमाण उत्तर, यांवर जोखली जाई. स्त्रियांना आणि ब्राह्मणेतरांना तेथे अर्थातच प्रवेश नव्हता.

ज्या विदुषीने पुढे दौंड परिसरातील केडगाव ही आपली कर्मभूमी केली, त्या पंडिता रमाबाईंची परीक्षा मात्र पुण्यात नव्हे, तर १८७८ मध्ये कोलकात्यात झाली. तेथील पंडितांनी विसाव्या वर्षी त्यांना संस्कृतात प्रश्न विचारले आणि ‘सरस्वती’ ही पदवी दिली. १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार स्त्रिया आणि मुली यांना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आश्रय दिला. त्या कार्याला समुपदेशन म्हणणे कालविपर्यास ठरेल. तथापि खचलेल्या माणसाचे ऐकून घेण्याचे काम दौंड तालुक्यात विद्यापीठाच्या कितीतरी आधी सुरू होते, एवढे निश्चित.

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये अस्तित्वात आले. प्रा. कोठुरकरांच्या नेतृत्वाखाली तेथे वाढलेल्या विभागाचे नावच ‘प्रायोगिक मानसशास्त्र’ असे होते, आणि त्या परंपरेतील तोंडी परीक्षा प्रयोगवहीभोवती, म्हणजे जर्नलभोवती फिरे: मेमरी ड्रम या स्मृतिप्रयोगाच्या उपकरणावर निरर्थक शब्दावयव का दाखवले, नियंत्रित चल कोणते, असे प्रश्न येत आणि त्यांची उत्तरे बऱ्याच अंशी ठरलेली असत. समुपदेशनाने हा साचा मोडला. येथे परीक्षकापुढे व्यक्तिवृत्त, म्हणजे समुपदेशनार्थीची पार्श्वभूमी, तक्रार आणि झालेल्या भेटी यांची नोंद, ठेवावी लागते. ‘जीव नकोसा झालाय’ असे वाक्य त्या नोंदीत असेल, तर विद्यार्थ्याने आत्महत्येच्या विचाराबद्दल स्पष्टपणे विचारले का, आणि धोका दिसल्यावर गोपनीयतेची मर्यादा कोठे ओलांडली, याचा जाब बाहेरचे परीक्षक विचारतात. पाठांतर अशा वेळी कामास येत नाही. शास्त्रार्थातील हजरजबाबीपणा तर कधी कधी घातकच ठरतो, कारण न थांबता बोलणारा विद्यार्थी समुपदेशनार्थीसमोरही तसाच बोलत असण्याची शक्यता असते.

शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय आणि दौंडचे किसनदास गुलाबचंद कटारिया महाविद्यालय ही याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. अशा तालुक्यांतून आलेला विद्यार्थी घोडनदीच्या किंवा भीमेच्या काठच्या माणसाशी मराठीत बोलतो, परंतु त्या बोलण्याचे विश्लेषण इंग्रजी संज्ञांत मांडताना अडखळतो, आणि ते अडखळणे समज कमी असल्याचे लक्षण मानले जाण्याचा धोका राहतो. ज्या भाषेत मुलाखत झाली, त्याच भाषेत तिची तपासणी व्हावी, आणि ही मुभा परीक्षकाच्या मर्जीवर न सोडता प्रात्यक्षिकाच्या नियमांतच लिहिली जावी.