‘रामदास’ बोट आणि आजोबांचा नियम

लहानपणी सुटीत आम्ही अलिबागजवळच्या आजोळी जायचो, ते भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने. वर उभे राहून वारा खाण्याची आम्हा मुलांना कोण हौस! पण आजोबांचा नियम कडक होता. खालीच बसायचे आणि काहीही दिसले तरी सगळ्यांनी एका बाजूला धावायचे नाही. हा नियम कुठून आला, ते आम्हाला पुढे कळले.

१७ जुलै १९४७. आषाढ अमावास्येचा दिवस. ‘रामदास’ ही आगबोट सकाळी याच धक्क्यावरून रेवसला निघाली. वाटेत काश्याच्या खडकाजवळ वादळी वारा, पाऊस आणि मोठ्या लाटा यांनी तिला गाठले. बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी अनेकांचे प्राण वाचवले.

बोट कलली की तिचा पाण्यात बुडालेला भाग बदलतो. त्यामुळे पाण्याचा वर ढकलणारा रेटा कललेल्या बाजूला सरकतो आणि बोटीला पुन्हा सरळ करतो. मात्र त्यासाठी बोटीचा गुरुत्वमध्य पुरेसा खाली असावा लागतो. त्याची मर्यादा दाखवणाऱ्या बिंदूला ‘मेटासेंटर’ म्हणतात. ही कल्पना पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ साली मांडली. माणसे वरच्या डेकवर गेली की गुरुत्वमध्य वर चढतो. एका बाजूला धावली की तोही त्या बाजूला जातो आणि सरळ होण्याची ताकद कमी पडते.

वर्गात हे सहज दाखवता येते. साबणाची प्लॅस्टिकची डबी पाण्यावर तरंगत ठेवा. तळाशी मेणाने काही नाणी चिकटवा. एक कड किंचित दाबून सोडा. डबी डोलून सरळ होईल. आता डबीत दोऱ्याचे रिकामे रीळ उभे चिकटवा, तळाची नाणी काढून रिळावर बसवा आणि पुन्हा कड दाबा. वजन तेवढेच, पण आता डबी सहज उलटते. शेवटी रीळ काढून नाणी तळाशी सुटीच ठेवा आणि कड जरा जास्त दाबा. नाणी कललेल्या बाजूला घसरतात, घाबरलेल्या गर्दीसारखी.

सहलीत मुलांना होडीत बसवण्याआधी शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. आजोबांनी आम्हाला नियम दिला होता. आपण मुलांना त्याचे कारणही देऊ शकतो.